सव्वा मिलिमीटरचं भोक

पन्नाशी उलटली की कुणी प्लॉट घेतं, कुणी गुडघ्याचा पट्टा घेतं, कुणी ट्रेडमिल आणून त्यावर टॉवेल वाळत घालतं. मी एक भोक विकत घेतलं. व्यास सव्वा मिलिमीटर, इकडे-तिकडे केसभर. त्या भोकाभोवती जर्मन बनावटीचं थोडं लोखंड होतं, क्लिक वाजणाऱ्या दोन चकत्या होत्या, मखमली अस्तराचा डबा होता. पण बायकोने वस्तू खिडकीच्या उजेडात धरली आणि एका वाक्यात पंचनामा केला. "ह्यात तर काहीच नाही."

तिला कसं सांगणार, की 'काहीच नाही' हीच त्यातली मुख्य गोष्ट आहे आणि तिचेच पैसे घेतात.

हे भोक रायफलवर बसवायचं, नेम धरायला. वडिलांची पॉइंट टू टूची, म्हणजे बारीक नळीची, एक जुनी ब्रनो रायफल आहे. त्यांच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला आणि सुट्टीच्या दिवशी क्लबात पालथं पडून पन्नास मीटरवर गोळ्या मारण्याचा नादही. ही रिमफायर जातीची. हिच्या काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी नसते. फायरिंग पिन बुडाच्या काठावर आपटते, तिथेच बार उडतो, आणि जेमतेम अडीच ग्रॅमचं शिसं बाहेर पडतं. धक्का असा नाहीच. खांद्याला कळायच्या आत सगळं आटोपलेलं असतं.

तर या ब्रनोला नेम धरायला मूळची खुली साईट. मागे खाच, पुढे नळीच्या टोकावर खुंटीसारखी माशी. डोळ्याने खाच, माशी आणि टार्गेट ही तीन वेगवेगळ्या अंतरावरची मंडळी एकाच वेळी स्पष्ट बघायची असतात. तरुणपणी डोळा तिघांमध्ये पळापळ करून वेळ मारून नेतो. चाळिशी लागली की तो बसकण मारतो आणि म्हणतो, कोणतं एक बघू ते सांगा, बाकीच्या दोघांचं तुमचं तुम्ही बघा. पण खुल्या साईटसारखी सोय नव्हती, हे मला आज कळतंय. गोळी दहाऐवजी सहाच्या वर्तुळात गेली की "खाच पुसट दिसते हो" म्हणायचं. मान हलवणारे दोन समवयस्क शेजारी हजर असायचेच. सबब भक्कम होती, वयाला शोभणारी होती, आणि फुकट होती.

मग १ ऑगस्ट २०२४ उजाडला. आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने तिकडे फ्रान्समध्ये शातोरूला ४५१.४ गुण मारून ऑलिंपिकचं कांस्य घेतलं. पन्नास मीटर, थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून, नळीचं माप आमचंच, पॉइंट टू टू. माणूस तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. त्याआधी २०१० साली तेजस्विनी सावंतने म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, ६०० पैकी ५९७ करून जागतिक विजेतेपद आणलेलं होतंच. अशा कोल्हापुरात राहून "खाच पुसट दिसते" हे वाक्य लोक किती दिवस ऐकून घेणार? क्लबातले सुभेदारसाहेब एक दिवस म्हणाले, "डोळ्याला दोष देताय ना? मग पीप साईट लावा, खाचेच्या जागी बारीक भोक. डोळ्याचा प्रश्नच मिटतो."

शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. भोक बारीक असलं की त्यातून लांबचंही रेखीव दिसतं आणि जवळचंही, चष्म्याच्या नंबराचा बराचसा हिशोब भोकच चुकता करतं. मागच्या भोकाकडे बघायचं नसतं, त्यातून बघायचं असतं. डोळा आपसूक मध्यावर येतो. पुढे माशीच्या जागी एक नळकांडं, त्यात रिंग. रिंगेत टार्गेटचा काळा गोल बसवायचा, भोवती पांढरी कडा सारखी दिसली की घोडा दाबायचा. अंगणवाडीतल्या पोरालाही जमेल. बसवणं मात्र अंगणवाडीचं काम नव्हतं.

मागची साईट चटकन बसली. ब्रनोच्या पाठीवर अकरा मिलिमीटरचं डोव्हटेल, म्हणजे साईट सरकवायची खोबण, मूळचीच असते. त्यावर सरकवली, ॲलन कीने आवळली, झालं. घोडं अडलं ते पुढे. नवं भोक जुन्या खाचेपेक्षा आठ मिलिमीटर उंच बसलं, मग पुढची रिंगही तेवढीच उचलायला हवी. आठ मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. दोन साईटमधलं अंतर साधारण सत्तर सेंटिमीटर आणि टार्गेट पन्नास मीटरवर. साध्या त्रैराशिकाने इथला एक मिलिमीटर तिथे सात सेंटिमीटर होतो. आठाचे छप्पन्न. टार्गेटचा कागदच मुळी पंचवीस सेंटिमीटरचा, आणि दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं, १०.४ मिलिमीटर. म्हणजे माझी गोळी टार्गेटवरून नमस्कार करून मागच्या मातीच्या बांधात जाणार होती.

म्हणून पुढच्या रिंगेखाली घालायला एक ठोकळा करून घ्यायला उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, गेलो. रायफल घरी, हातात फक्त नळकांडं आणि वहीच्या कागदावर काढलेलं चित्र. मिलिंगवाल्याने चित्र उलटसुलट केलं.

"कशाचा पार्ट हाय ह्यो?"

"रायफलच्या साईटचा."

त्याने मशीन बंद केलं. हात पुसले. माझ्याकडं नखशिखांत बघितलं. "लायसन हाय न्हवं?"

परवाना दाखवला. तो त्याने शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला, मग चहा सांगितला आणि धंद्याचा प्रश्न विचारला. "टॉलरन्स किती धरायचा?"

मी मोठ्या हौसेने त्याला सात सेंटिमीटरचा हिशोब सांगितला. त्याने क्षणभर छताकडे बघितलं. "म्हंजे माझी एक दशांश मिलिमीटर चूक झाली, तर तिकडं तुमची गोळी सात मिलिमीटर सरकणार."

"बरोबर."

"आणि तुम्ही म्हणणार, उद्यमनगरवाल्यानं वाटोळं केलं."

"छे छे."

"लिहून द्या."

दिलं लिहून. खरं तर एवढी चूक साईटची चकती दोन क्लिक फिरवली की भरून निघते, पण ते मी त्याला सांगितलं नाही. त्यामुळेच ठोकळा इतका देखणा झाला की टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवावा. फक्त दोष द्यायला हक्काचा एक माणूस लेखी करारात गेला.

ठोकळा बसला, रिंग बसली आणि विधानसभेची आचारसंहिता लागली. परवानाधारकांनी हत्यारं ठाण्यात जमा करायची. पावती लिहिणारे हवालदार साक्षेपी होते. नळी, दस्ता, नंबर, सगळं जुळवलं आणि मागच्या साईटपाशी पेन थांबलं.

"ही दुर्बीण का?"

"नाही. पीप साईट."

"काच कुठाय?"

"काच नसते. भोक असतं."

त्यांनी डोळा लावून पाहिलं. भोकातून त्यांना समोरची तिजोरी दिसली, तिच्यावरचा कॅलेंडरचा गठ्ठा दिसला. "स्पष्ट दिसतंय की," म्हणाले. त्यांचाही चष्मा कपाळावर होता. मग पुन्हा कर्तव्यावर आले. "उद्या यातलं काही गहाळ झालं, तर काय गहाळ झालं म्हणून लिहू?" मला उत्तर सुचलं नाही. अखेर पावतीवर असं आलं: 'मागील बाजूस गोल छिद्र, नग एक, सुस्थितीत.' ती पावती मी जपून ठेवलीय. भोक सुस्थितीत असल्याचा सरकारी दाखला फार लोकांकडे नसावा.

निकाल लागले, सरकार यायचं ते आलं, रायफल परत आली. छिद्र नग एक मोजून घेतलं. आता गाल. खुल्या साईटसाठी घडवलेल्या दस्त्यावर गाल टेकला की डोळा जुन्या उंचीवर येतो, नवं भोक वर राहतं. भोकात बघावं तर गाल हवेत. मान अधांतरी ठेवून नेम धरणं म्हणजे नेमाला रजा देणं. घरात योगासनांची एक चटई होती, विकत आणल्या दिवसापासून गुंडाळलेलीच. तिचा तुकडा कापून दस्त्यावर चिकटपट्टीने बांधला. दस्ता अक्रोडाचा, चटई जांभळी. वडिलांच्या फोटोकडे त्या दिवशी मी बघितलं नाही.

रेंजवर आधी नळी मागून बंद करणारा बोल्ट काढून नळीतूनच टार्गेट बघितलं, नळी तशीच स्थिर ठेवून साईट त्या रोखाने आणली. घरचे उपचार झाले. पहिली गोळी उंचीला बरोबर, पण टार्गेटच्या मध्यापासून बारा सेंटिमीटर उजवीकडे, कागदाच्या अगदी काठाला. माझ्या साईटचा एक क्लिक पन्नास मीटरवर साधारण साडेतीन मिलिमीटर. म्हणजे तेहतीस-चौतीस क्लिक. प्रश्न एवढाच की कुठल्या बाजूला.

इथे सुभेदारसाहेब आणि जर्मनी यांच्यात मतभेद आहेत. साहेबांचा हात इंग्रजी बनावटीच्या साईटवर बसलेला. तिच्यावरची खूण सांगते, गोळी कुठे जाईल. जर्मन साईटवरचं अक्षर सांगतं, गोळी कुठे लागली आहे. उजवीकडे लागली तर 'आर'कडे फिरवा, ती डावीकडे येते. मी तोंड उघडायच्या आत साहेबांनी 'एल'कडे तेहतीस क्लिक मोजून दिले, परेडवर पावलं मोजावीत तसे, मोठ्याने. पुढची गोळी आणखी बारा सेंटिमीटर उजवीकडे गेली. आमच्याकडे फळीवर कागद एकमेकांना खेटून लावतात. शेजारच्या कागदावर नववीतली एक मुलगी सराव करत होती. तिने स्पॉटिंग स्कोपच्या दुर्बिणीतून पाहिलं आणि अत्यंत आदराने म्हणाली, "काका, तुमचा नऊ लागला. माझ्या कागदावर."

त्या दिवसातला माझा सर्वोत्तम गुण अशा रीतीने दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला.

साईट हलणं ही काही ऐऱ्यागैऱ्याची गोष्ट नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने अंतिम फेरीआधी सरावाची गोळी मारली ती थेट चारमध्ये गेली, साईटची सेटिंग बिघडलेली निघाली. त्याने ती तिथल्या तिथे ठीक केली आणि सुवर्णपदक घेतलं. हा दाखला मी क्लबात वरचेवर देतो. पहिला अर्धा.

साईट जागेवर आल्यावर त्याच मुलीने आणखी एक दोष काढला. डावा डोळा मिटून नेम धरता, म्हणून उजवाही आखडतो. मिटू नका, पुढे पट्टी लावा, उजेड येईल पण दिसणार काही नाही अशी. दुकानात तशी पट्टी मिळते. आमच्या घरी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण मिळालं. पांढरट, अर्धपारदर्शक, मापाचं. बायकोने ते कात्रीने कापून चष्म्याला अडकवलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. काही बोलली नाही. फोटो काढून बहिणीला पाठवला.

एवढं सगळं झाल्यावर भोकाने आपला शब्द पाळला. रिंग काळीकुट्ट, काठ धारदार. मध्ये टार्गेटचा गोल, भोवती पांढरी कडा. आयुष्यात पहिल्यांदा मला सगळं स्वच्छ दिसलं, आणि गोळी सातमध्ये गेली. पुढची आठमध्ये, तिच्या समोरच्या बाजूला. खाच पुसट नव्हती, कारण खाचच नव्हती. ठोकळ्याबद्दल लिहून दिलेलं. छिद्र सुस्थितीत असल्याची पावती घरात. डोळ्याचा प्रश्न सुभेदारसाहेबांनी मिटवलेला. वाऱ्याकडे बघितलं, तर झेंडासुद्धा झोपलेला.

"काका," शेजारून आवाज आला, "लॉट बदलून बघा."

देव अशाच रूपात येतो. रिमफायरच्या गोळ्यांचं म्हणे असं असतं, की कंपनी तीच, खोका तोच, पण लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा नंबर, बदलला की नळीचा मूड बदलतो. एका नळीला एक लॉट मानवतो, दुसरीला तोच सोसत नाही. मोठे नेमबाज रायफल घेऊन थेट कारखान्यात जातात, शिकंज्यात आवळून लॉटमागून लॉट मारून बघतात आणि जमेल तो उचलतात. हे ऐकून माझ्या अंगात बळ आलं. घरी जाऊन सांगितलं, नव्या गोळ्या मागवायच्यात.

"आहेत त्या संपल्या?"

"नाही. ह्याच मागवायच्यात. पण दुसऱ्या नंबरच्या."

तिने माझ्याकडे उद्यमनगरातल्या त्या मिलिंगवाल्यासारखं बघितलं आणि विचारलं, "लॉट किती असतात?"

"पुष्कळ," मी म्हणालो.

सरावाच्या वहीत मी आता गुणांआधी लॉट नंबर लिहितो. घाई असली तर नुसता लॉट नंबर.