होम थिएटरचे स्पीकर थेट लॅपटॉपला? थांबा

दांडिया बाजारातल्या आपल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: जुन्या होम थिएटरच्या स्पीकरची कंपनीची वेगळी पिन कापा, हेडफोनची पिन जोडा, लॅपटॉपला लावा, आवाज दणदणीत!

तसं होत नाही. त्या स्पीकरमध्ये अँप्लिफायरच (आवाजाचा सिग्नल ताकदवान करणारं सर्किट) नसतो, तो होम थिएटरच्या मुख्य डब्यात असतो. स्पीकरमागचं लेबल वाचा: बहुतेकदा ४ किंवा ८ ओहम, म्हणजे विजेला अडथळा कमी, त्यामुळे प्रवाह जास्त लागतो. लॅपटॉपचा हेडफोन सॉकेट देतो जेमतेम काही मिलिवॅट. आवाज एक तर कुजबुजेल, नाहीतर फाटेल. सॉकेटच्या सर्किटवर ताण येईल तो वेगळाच. शिवाय पिन कापली की स्पीकर मूळ डब्यालाही लागत नाही, हे मात्र मेसेजात कुठेच नाही.

डब्यामागे लाल-पांढरं ऑक्स इनपुट (बाहेरचा आवाज आत घेणारे सॉकेट) असेल, तर एका टोकाला ३.५ मिलिमीटरची हेडफोन पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली तयार वायर लॅपटॉपमधून तिथे लावा. भागतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.