पिशवी धरा की जरा

आज सकाळी माझ्याच कढीपत्त्याची चोरी चालली होती आणि पिशवी धरून मी उभा होतो.

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या दारातलं हे झाड तीन वर्षांचं. पहिलं वर्षभर वीतभरच राहिलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून आंबट ताक घालायला लागलो. घरात कढी बंद झाली, झाड मात्र कुंपणावरून रस्त्यावर वाकलं. सव्वासहाला दूध घ्यायला दार उघडलं, तर माकडटोपीतले एक काका फांदी वाकवून उभे. मला बघून फांदी सोडतील, तर छे!

"बरं झालं आलात. पिशवी धरा की जरा, एका हातानं जमंना."

मी धरली. मास्तरांनी 'खडू आण' म्हटलं की धावायची जुनी सवय, दुसरं काय!

"झाड तुमचंच काय?"

"हो."

"मग लक्ष द्या जरा. हे काय, सांगा बघू?"

"पक्ष्याची शीट."

"अळी हाय ती! फुलपाखराची. लिंबावर असती तीच. शीटेगत दिसती, म्हणून तर वाचती. आणि शेंडे खुडत जावा, फुटवा येतो. तुम्ही खुडत नाही, म्हणून मला यावं लागतं."

"रोज येता?"

"गुरुवारी नसतो."

पोरगा पुण्याला निघालाय, बरोबर भडंग द्यायचंय, एवढं सांगून त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. जाताना म्हणाले, "गवती चहा पण लावा की. आमच्या हिचा घसा धरलाय."

मुळात मंडईत भाजीवर कढीपत्ता फुकट टाकायचे, तोवर मला बागकामाची हौस नव्हती. आता दहा रुपये मोजले तरी चार काड्या मिळतात. कोथिंबीरही लावून बघितली. धने चपलेखाली रगडून दोन फाकी केल्या, दहा-बारा दिवस रोज कुंडीत डोकावलो. उगवली, आणि उन्हाळा लागताच पानं सोडून फुलावर गेली. पुदिना फोफावला, पण त्याला कोण विचारतंय!

कुंपणाबाहेर वाकलेलं फूल देवाचं, पान भडंगाचं आणि वाळका पाला तेवढा माझा. तो रस्त्यावर पडला की शेजारी लगेच बेल वाजवतात.

नाष्ट्याला पोहे होते. कढीपत्त्याची तीन पानं निघाली, त्यातलं एक कुरतडलेलं.