विशेष उपासना रविवारी ढकलू नका

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सध्या एक सूचना चर्चेत आहे. वर्षभरातल्या ज्या विशेष उपासना आठवड्याच्या मधल्या वारी येतात, त्या जवळच्या रविवारी उरकाव्यात आणि उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) तीन तासांची उपासना दीड तासावर आणावी, अशी ती सूचना आहे. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. नोकरीच्या पाळ्या, मुलांच्या परीक्षा, शहराबाहेर राहायला गेलेली कुटुंबे, या सगळ्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही माझा तिला विरोध आहे.

सणा-उपासनांचे हे वार्षिक चक्र आपल्याला आयते मिळालेले नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी ज्या परंपरेतले होते, तिच्या प्युरिटन, म्हणजे कडक सुधारणावादी प्रोटेस्टंट, पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला चक्क दंड ठेवला होता. अशा परंपरेतून उभ्या राहिलेल्या आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत सण हळूहळू रुजले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) व लेंटचे (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे) चाळीस दिवस पाळणाऱ्या अँग्लिकन मंडळ्याही आपल्याबरोबर एका घरात आल्या.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन या वेळेत येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. तीन उद्गार लूककडचे, तीन योहानाकडचे आणि एक मत्तय व मार्क या दोघांनी दिलेला, म्हणजे त्या तीन तासांत चारही शुभवर्तमाने उघडली जातात. काही वर्षांपूर्वी ‘मला तहान लागली आहे’ हा उद्गार मंडळीतल्या एका निवृत्त परिचारिकाबाईंकडे होता. शस्त्रक्रियेआधी पाण्यासाठी हात धरणाऱ्या रुग्णांना आयुष्यभर ‘नाही’ म्हणावे लागले, हे सांगताना त्या थांबल्या आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. एप्रिलचे ऊन होते, वीज गेलेली होती, तरी कोणी जागचे हलले नाही. दीड तासात गीते आणि प्रार्थना वजा केल्या तर एका उद्गाराला दहा मिनिटेही मिळणार नाहीत. बाईंचे ते थांबणे त्यात कुठे बसवणार?

वेळ वाचवण्याचा अनुभव आपण हंगामाच्या सणात, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणात, घेतलेला आहे. पूर्वी त्या दिवशी वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे, लिंबे, अंडी यांची रास लागायची आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. एकाने घेतलेली कोंबडी तो तिथेच पुन्हा अर्पण करायचा, ती परत बोलीला लागायची आणि तीन-तीनदा विकली जायची. परसातला कढीपत्ता आणणाऱ्या आजींच्या जुडीवरही मोठ्या पगाराची मुले चढाओढीने बोली लावायची आणि आजींचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. दोन वर्षांपूर्वी लिलाव बंद करून पाकिटे वाटली. पैसे जवळपास तितकेच जमले, पण त्या आजी गेल्या सणाला आल्या नाहीत.

३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना रविवारी घ्या, असे कोणी म्हणत नाही, कारण त्या वेळेचा अर्थ सर्वांना कळतो. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशीच्या आज्ञा गुरुवारच्या संध्याकाळचे प्रभुभोजन आणि पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) पहाटे भजन म्हणत निघणारी फेरी यांचेही तसेच आहे. प्रभूने भोजन रात्री केले आणि स्त्रिया कबरेकडे पहाटे गेल्या, म्हणून आपण त्या वेळी जमतो.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना माझी विनंती अशी आहे. उत्तम शुक्रवारचे तीन तास राहू द्यावेत. ज्यांना पूर्ण वेळ बसणे शक्य नाही त्यांनी दोन उद्गारांच्या मधल्या गीताच्या वेळी यावे-जावे, त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. हंगामाच्या सणाचा लिलाव पुन्हा सुरू करावा. राहिला ईस्टरनंतर येणारा, येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, ज्याला गेल्या वर्षी आम्ही जेमतेम अकरा जण होतो. त्या संध्याकाळी सात वाजता मंदिर उघडण्याची, सतरंज्या घालण्याची आणि पेटीवर बसण्याची जबाबदारी मी घेतो.