सव्वासहा नवे पैसे

दर नोव्हेंबरात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद ठरलेला. निमित्त पेन्शनसाठी द्यायच्या हयातीच्या दाखल्याचं. यंदा आईच्या बोटांचे ठसे बँकेतल्या यंत्राला पटेनात. पाच वेळा अंगठा टेकवला, एकदा हात धुऊन आली, एकदा पदराला पुसून बघितला. यंत्राच्या मते ती दुसरीच कुणी होती. झालं, ग्रुपवर दोन तट पडले. मावसभाऊ म्हणाला, ‘भाजीवालीसुद्धा यूपीआय घेते, म्हाताऱ्यांनी शिकायला नको?’ मामांनी उत्तर दिलं, ‘म्हाताऱ्यांनी मरावं एवढंच आता ॲपवर यायचं राहिलंय.’ मग नेहमीप्रमाणे मला ओढण्यात आलं: ‘तू सांग गं, तुमच्या स्वीडनमध्ये कसं असतं?’

स्वीडनवर येतेच. आधी आईचं.

आई १९४६ची, साताऱ्याकडची. ती अकरा वर्षांची असताना, १ एप्रिल १९५७ला, रुपयाचे सोळा आणे गेले आणि शंभर नवे पैसे आले. आणा म्हणजे नेमके सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचं नाणं नव्हतं, त्यामुळे दुकानदार आण्याचे सहा पैसे धरायचा. तो वरचा पाव पैसा कुणाच्या खिशात गेला, यावरून आजोबा आणि वाणी यांच्यात झालेलं भांडण आई अजून साभिनय सांगते. शाळेत आणे-पैशांचे तक्ते पाठ करून घेतले. जुनी नाणी काही वर्षं नव्यांच्या शेजारीच चालत राहिली. पावली पंचवीस पैसे म्हणून, अधेली पन्नास म्हणून. १९६४मध्ये ‘नवे’ हा शब्द गळाला, तोवर ते पैसे कुणाला नवे वाटतही नव्हते. त्याच काळात शेर जाऊन किलो आला. (शेंगा मात्र आई आजही पायलीनंच मोजते, आणि तिचा हिशेब चुकलेला मी पाहिलेला नाही.)

त्यानंतर चुलीवरून स्टोव्ह, स्टोव्हवरून गॅस. मुंबईत गिरणीत असलेल्या काकांची मनीऑर्डर पोस्टमन घेऊन यायचा आणि फॉर्मच्या तळाशी लिहिलेल्या दोन ओळी वाचून दाखवायचा. पुढे ट्रंक कॉल लावून ताटकळणं, मग एसटीडीच्या बूथमध्ये मीटरच्या आकड्यांवर डोळा ठेवून बोलणं. २०१३च्या जुलैमध्ये तार बंद झाली तेव्हा आई म्हणाली, ‘बरं झालं, मेली कधी चांगली बातमी आणायची नाही.’ आता ती माझ्याशी व्हिडिओवर बोलते. निम्मा वेळ कपाळच दिसतं, पण बोलते. मंडईत पैसे दिल्यावर डबीतून बोलणारी बाई तिला आवडते. खात्यात मात्र ती तीन-चार हजारांवर रक्कम ठेवत नाही, बाकीची दुसऱ्या बँकेत, जिला फोन जोडलेलाच नाही. डिजिटल अरेस्टच्या नावानं लोकांची आयुष्यभराची पुंजी जाते आहे हे ती पेपरात वाचते. पैसे असे वेगळे ठेवण्याची युक्ती तिला कुणी शिकवलेली नाही.

एवढं पचवलेल्या बाईला ‘शिकायला नको?’ असं विचारणाऱ्या माझ्या मावसभावाच्या हयातीत बदललंय काय, तर फोनचं मॉडेल.

आता स्वीडन. गोथेनबर्गला येऊन मला चौदा वर्षं झाली. इथे रोकड जवळजवळ दिसेनाशी झाली आहे. बसमध्ये चालत नाही, अनेक दुकानांच्या दारावर ‘रोख घेत नाही’ अशी पाटी असते, बँकांच्या बहुतेक शाखांत नोटा मिळतच नाहीत. स्विश हे आपल्या यूपीआयसारखं ॲप इथे २०१२पासून आहे, यूपीआयच्या चार वर्षं आधी. तेव्हा ‘युरोप मागे राहिला’ म्हणणाऱ्यांनी निदान स्वीडन वगळावा. आणि ‘तिकडे म्हाताऱ्यांचे लाड होतात’ म्हणणाऱ्या मामांनीही.

आमच्या जिन्यात खालच्या मजल्यावर एक शेजारीण आहे, शहाऐंशी वर्षांची. तिला मी एकेरी नावानं हाक मारते. पहिली दोन वर्षं जीभ वळत नव्हती. पण साठीच्या दशकाच्या अखेरीपासून या देशानं अहो-जाहो सोडून दिलं, आणि तो बदलही तिनंच पाहिला. ३ सप्टेंबर १९६७ला पहाटे पाच वाजता स्वीडननं गाड्या डावीकडून उजवीकडे नेल्या, तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. त्याआधी १९५५मध्ये जनमत घेतलं होतं, तेव्हा शंभरातल्या ब्याऐंशी-त्र्याऐंशी जणांनी नको म्हटलं होतं. संसदेनं तरी १९६३मध्ये निर्णय घेतला, पण नंतरची चार वर्षं लोकांना तयार करण्यात घालवली. घरोघरी पुस्तिका, दुधाच्या पुड्यांवर या बदलाचं चिन्ह, अगदी आतल्या चड्ड्यांवरसुद्धा चिन्ह. ती हे सांगताना अजून हसते.

आणि हीच बाई परवा औषधाच्या दुकानातून परत आली. फोन बदलला होता, बँकआयडी (इथली फोनवरून ओळख पटवण्याची सोय) नव्या फोनवर नव्हता, आणि तो घ्यायला बँकेच्या वेबसाइटवर जायचं तर आधी बँकआयडी लागत होता. मदतीच्या नंबरवर यंत्र बोललं. १९६७मध्ये रस्त्याची बाजू बदलली तेव्हा चौकाचौकांत माणसं उभी होती. आता बदल येतो आणि चौकात कुणी नसतं. साताऱ्यात काय, गोथेनबर्गमध्ये काय, माझी तक्रार एवढीच आहे. आणा-पैशांच्या वेळी आईला जे मिळालं, म्हणजे जुनं नाणं चालू असण्याची काही वर्षं आणि तक्ता घेऊन बसलेले मास्तर, ते तिला ऐंशीव्या वर्षी मिळू नये?

खर्च वाढेल, हे मला ठाऊक आहे. दोन दारं उघडी ठेवायची म्हणजे दोन्हीकडे माणूस लागतो. पण स्वीडनला हा हिशेब आता उलटा करावा लागतोय. २०२१पासून मोठ्या बँकांवर रोकड पुरवण्याचं कायदेशीर बंधन आलं. २०२४च्या नोव्हेंबरात सरकारनं घरोघरी जी संकटकाळाची पुस्तिका पाठवली, तिच्यात पाणी आणि डबाबंद अन्नाबरोबर थोडी रोकडही घरात ठेवा असं लिहिलं होतं. वीज गेली, नेट तुटलं, तर काय देणार? मागासलेली म्हणून जिला हिणवलं ती नोट आता बॅटरीच्या रांगेत जाऊन बसली आहे.

आईच्या दाखल्याचं पुढे काय झालं? बँकेतल्या एका जुन्या साहेबांनी कपाटातून पेन्शनरांची छापील यादी काढली, आईकडे बघून ‘काय काकू, गुडघा कसा आहे?’ म्हणाले आणि नावापुढे सही घेतली. पाच मिनिटांचं काम. साहेब येत्या वर्षी निवृत्त होतायत.

शेजारणीनं पुस्तिका वाचून मला एटीएमवर पाठवलं होतं. मी नोटा आणून दिल्या. दोनशेच्या नोटेवर सिनेदिग्दर्शक इंगमार बर्गमन आहेत, २०१५पासून. तिनं चष्मा लावून नोट निरखली आणि म्हणाली, ‘हा इथे कधी आला?’

हे मी आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, ‘तिला म्हणावं डाळीच्या डब्यात ठेव. कपाट चोर आधी बघतो.’