नेटफ्लिक्सचा सर्व्हर कोणी फोडला नव्हता

‘टेक्सास विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी नेटफ्लिक्सचा सर्व्हर फोडून पाच लाख ग्राहकांची नावे उघड केली’ हे फिरत असलेले विधान चुकीचे आहे. सुमारे ४,८०,००० ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले गुण नेटफ्लिक्सनेच २००६ साली, नावे गाळून, एका स्पर्धेसाठी जाहीर केले होते. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह या त्या दोन संशोधकांनी २००८ च्या शोधनिबंधात दाखवले ते असे, की एखाद्याने ८ चित्रपटांना दिलेले गुण (त्यांतले २ साफ चुकीचे असले तरी) आणि १४ दिवसांच्या फरकाने तारखा ठाऊक असल्यास ९९ टक्के नोंदी नेमक्या हुडकता येतात. आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावरील जाहीर अभिप्रायांशी ताडून प्रत्यक्षात त्यांनी नमुन्यादाखल केवळ दोघांच्या नोंदी जुळवल्या. दोष द्यायचाच, तर नावे खोडली की माहिती निनावी होते या भाबड्या गृहीतकाला द्यावा.