टाइल फोडायलाच हवी होती का?

नमस्कार. जुन्या टाइलवरच लाकडी फळ्यांची जमीन बसवली, त्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्या वेळी नुसता राग आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या टाइलवर लाकडी फळ्या अंथरणं म्हणजे दुखणं झाकून ठेवणं, टाइल फोडूनच काम करायला हवं होतं, ‘अर्ध्या दिवसात झालं’ ही थाप आहे, आणि माझ्याच फोटोत दाराजवळ फळ्या उचललेल्या दिसतात.

अर्ध्या दिवसाचं आधी कबूल करतो. फळ्या जोडायला तेवढाच वेळ लागला, पण त्याआधीच्या तीन संध्याकाळी जमीन तपासण्यात आणि भरण्यात गेल्या. शिवाय फळ्यांची खोकी 48 तास त्याच खोलीत आडवी ठेवली होती, म्हणजे लाकूड तिथल्या हवेला सरावतं. हे मी लिहायला हवं होतं. आता लेखात घातलं आहे.

फोटोतलं तुम्ही बरोबर पकडलंत. फळ्या उचलल्या होत्या, पण त्यात टाइलचा दोष नव्हता. दार भिंतीवर आपटू नये म्हणून मी एक स्टॉपर बसवला, आणि त्याचा स्क्रू फळीतून आरपार खालच्या टाइलमध्ये पिळला. शिवाय फट वाईट दिसते म्हणून चौकटीपाशी फळी अगदी चिकटून कापली. ही जमीन ‘तरंगती’ असते, म्हणजे खाली कशालाच चिकटवलेली नसते. दमट हवेत ती पसरते, कोरड्या हवेत आकसते, म्हणून भिंतीपाशी सगळीकडे साधारण 10 मिमी जागा सोडायची आणि ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली, झाकायची. माझ्याकडे एका बाजूला स्क्रू, दुसऱ्या बाजूला चौकट. मधल्या फळ्यांनी जायचं कुठे? त्या वर आल्या. स्टॉपर काढला, चौकटीच्या तळाला कापून फळी आत सरकेल इतकी जागा केली, आणि दोन आठवड्यांत जमीन बसली. एका सांध्याची कड मात्र फुगलेलीच राहिली. स्टॉपर आता भिंतीवर आहे.

टाइल फोडण्याबद्दल मात्र पटत नाही. घट्ट बसलेली, सपाट टाइल याच्यासारखा दुसरा पाया नाही. ती फोडली की खालचा थर खडबडीत निघतो आणि तो पुन्हा समतल करावाच लागतो. प्रश्न टाइल आहे की नाही हा नसून ती सपाट आणि घट्ट आहे का, हा आहे. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली, तर तिथे लेव्हलिंग कंपाउंड, म्हणजे जमीन समतल करणारं भरण, लागतंच. लाद्यांमधल्या नेहमीच्या ग्राउटच्या (फटींतल्या भरणाच्या) रेघांनी काही बिघडत नाही. एखाद्या लादीची कड शेजारणीपेक्षा वर आली असेल, तर ती घासून घ्यावी.

एका बाबतीत तुमचं शंभर टक्के खरं आहे, ती म्हणजे पोकळ लादी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक लादी ठोकून पाहायची. ठणठणीत वाजली तर ठीक, बद्द आवाज आला तर ती सुटलेली आहे. मला अशा चार सापडल्या. त्या काढून खड्डे भरले. निम्म्या खोलीत बद्द आवाज येत असता, किंवा खालून ओल येत असती, तर मीही घणच उचलला असता. आणि बाथरूममध्ये हा प्रकार करूच नये.

आता तुमच्या घरचं. फळ्या ‘कट-कट’ वाजतात म्हणून मिस्त्रीने त्यांच्याखाली फोमचे दोन थर घातले, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दुखणं तिथेच आहे. मऊ थर जितका जाड, तितकी पावलाखाली फळी जास्त दबते आणि फळ्या एकमेकींत अडकवणारा क्लिकचा सांधा प्रत्येक वेळी वाकतो. दोन मिलिमीटरचा एकच थर पुरतो. खड्डा फोमने भरत नाही. पण सगळं उचकटण्याआधी वाजणाऱ्या बाजूचं स्कर्टिंग काढून पाहा. फळी भिंतीला टेकली असेल, तर फक्त कड कापून काम भागेल. टेकली नसेल, तर त्याच भिंतीपासून ओळी सोडवत या आणि प्रत्येक फळीच्या पाठीवर पेन्सिलने क्रमांक लिहा. मी लिहिले नव्हते, आणि शेवटच्या ओळीत दोन कापलेले तुकडे हातात घेऊन बराच वेळ उभा होतो.