लिअँडरची नुसती नक्कल नव्हे

भारतीय नौदलाच्या जुन्या निलगिरी वर्गातल्या युद्धनौकांवरच्या लेखातलं 'सहाही निलगिरी फ्रिगेट म्हणजे ब्रिटिश लिअँडर फ्रिगेटची नक्कल' हे विधान सरसकट झालं. १९७२ ची पहिली निलगिरी बरीचशी मूळ आराखड्याबरहुकूम, मान्य. पण शेवटच्या दोघी, तारागिरी आणि विंध्यगिरी, यांत माझगाव डॉकने मागचा लिम्बो मॉर्टरचा (पाणबुडीविरोधी तोफेचा) खड्डा काढून डेक वाढवला, हँगर (हेलिकॉप्टर ठेवायची जागा) घडीचा केला. म्हणून छोट्या हेलिकॉप्टरच्या जागी मोठं सी किंग हेलिकॉप्टर बसलं. ही करामतच!

ही जहाजं वाफेवर चालायची: दोन बॉयलर, ३०,०००च्या आसपास अश्वशक्ती. खरी डोकेदुखी कंडेन्सरची, म्हणजे वापरलेली वाफ समुद्राच्या पाण्याने थंड करून तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राची. एखादी नळी झिरपली की समुद्राचं पाणी फीडवॉटरमध्ये (बॉयलरला पुरवायच्या पाण्यात) शिरतं आणि त्यातलं क्लोराइड बॉयलरच्या नळ्या खातं. सोलापुरात गिरण्यांचे बॉयलर सांभाळलेल्यांना वेगळं सांगायला नको.